माश्यांनाही उतरू दे

लहान पोरं घेऊन लांबच्या रस्त्याला निघणं आणि वेळेवर पोचणं, या दोन गोष्टी एकाच दिवशी होत नसतात. मधवाल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण निघताना प्रत्येक बापाला वाटतं, आपली पोरं शहाणी आहेत, गप बसतील. पोरं शहाणी असतातही, गाडी सुरू होईपर्यंत.

लोक त्याला मधवाला म्हणत, कारण तो मधमाश्यांच्या पेट्या पाळायचा. फुलोरा असेल तिथं पेट्या नेऊन ठेवायच्या, फुलोरा संपला की उचलायच्या. हे काम त्यानं बापाकडून घेतलं होतं. बाप म्हणजे आबा. आबा दूर, त्यांच्या जुन्या घरी एकटे राहायचे. आई गेली तेव्हापासून दोन्ही मुलं म्हणत होती, आमच्याकडं चला. आबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पेट्या सोडून कुठं येऊ?"

यंदा आबांच्या भागात पाऊसच झाला नाही. झाडांना फूल लागलं नाही. आबांच्या पेट्या एकामागून एक बसल्या. काहींतल्या माश्या उडून गेल्या, काहींतल्या तळाशी पडलेल्या सापडायच्या. रोज सकाळी आबा पिसानं त्या लोटून काढायचे. शेवटची पेटी रिकामी झाली तेव्हा ते अंगणात त्या रिकाम्या पेट्यांमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी बोलणं टाकलं. मधवाल्याचा थोरला भाऊ, दादा, नोकरीवर रजा टाकून पंधरवडाभर तिथं जाऊन राहिला. आबा जेवण समोर ठेवलं तर दोन घास खायचे, पाणी दिलं तर प्यायचे. बोलायचे नाहीत.

दादानं सगळ्यांना फोन केले. "पोराबाळांना घेऊन या सगळे. आपल्या ताईलाही सांगितलंय. एक दिवस एकत्र जेवू. नातवंडांना बघून तरी म्हातारा तोंड उघडेल."

मधवाल्यानं ठरवलं, जाताना एक पेटी न्यायची. भरलेली, जिवंत. त्याच्याकडची सगळ्यात जोरदार पेटी आबांच्याच माश्यांच्या वंशातली होती. वेगळा झाला तेव्हा आबांनी दिलेली.

बायको म्हणाली, "अहो, पण तिकडं फूलच नाही. खातील काय त्या?"

"साखरेचं पाणी देऊन जगवतील आबा. हाताला काम तर मिळेल त्यांच्या."

"साखरेच्या पाण्यावर किती दिवस?"

या प्रश्नाकडं त्यानं कानाडोळा केला. प्रश्न बरोबर होता म्हणूनच केला.

आदल्या संध्याकाळी, सगळ्या माश्या घरात परतल्यावर, त्यानं पेटीच्या दारात लाकडाची पातळ पट्टी सरकवली. वर झाकणाच्या जागी हवा जायला जाळी बसवली. टेम्पोच्या मागच्या हौद्यात पेटी दोरीनं आवळून बांधली आणि तिच्यावर ओलं पोतं टाकलं. थोरली पोरगी हे सगळं बघत उभी होती. तिचं वय सहा आणि नाव काहीही असलं तरी घरात तिला टिटवी म्हणत, कारण तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतच काय तो थांबायचा.

"बाबा, त्यांना शू लागली तर?"

"त्या धरून ठेवतात."

"किती वेळ?"

"पोचेपर्यंत."

"मला नाही येत धरून ठेवता," टिटवी म्हणाली, आणि हे मात्र सगळ्या घराला ठाऊक होतं.

माश्या न्यायच्या तर रात्रीच्या गारव्यात न्याव्यात. पण टेम्पोचा एक दिवा गेलेला आणि सोबत पोरं. म्हणून सगळी पहाटे निघाली. ऊन चढायच्या आत पोचू, असं मधवाल्याचं म्हणणं होतं.

पहिला तास बरा गेला, कारण दोन्ही पोरं झोपलेली होती. मग उजाडलं. टिटवीला शू लागली. गाडी थांबली, ती उतरली, तिची आई उतरली, आईच्या कडेवर धाकटा उतरला. धाकटा अडीच वर्षांचा, अंगानं गुबगुबीत, ठेवला तिथं बसून राहणारा. त्याला सगळे गठुळं म्हणत. पुन्हा सगळे चढले. थोडं पुढं गेल्यावर गठुळं नुसतंच "अं अं" करायला लागलं आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं आईच्या नव्या साडीवर आणि गिअरच्या दांड्यावर ओकून ठेवलं. पुन्हा गाडी थांबली. मग तहान. मग टिटवीची एक चप्पल खिडकीतून पडल्याचं तिला बऱ्याच अंतरानं आठवलं. मग पुन्हा शू.

"आत्ताच केलीस की!"

"ती वेगळी होती."

मधवाल्याच्या नाकी नऊ आले. प्रत्येक थांब्यावर तो मागं जाऊन पोत्यावर पाणी शिंपडायचा, पेटीला कान लावायचा. आतला आवाज वाढत चालला होता. माश्या उकाड्यात पंख मारून हवा खेळवत होत्या. त्यांची घालमेल त्याला स्वतःच्या छातीत कळत होती, पण तो पुन्हा गाडी सुरू करायचा.

दुपार डोक्यावर आली तेव्हा टेम्पोच्या इंजिनानंही मान टाकली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. रस्त्याच्या कडेला एक शेताची वाट फुटत होती आणि तोंडाशी मोठं झाड होतं. मधवाल्यानं टेम्पो मागं घेत त्या वाटेत, सावलीत लावला. तो बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघायला लागला. बायको गठुळ्याला घेऊन पाटाच्या पाण्यावर साडीचा पदर धुवायला गेली.

टिटवी एकटीच मागं राहिली. तिनं पेटीचा आवाज ऐकला. ती चाकावर पाय देऊन हौद्यात चढली, पोतं बाजूला केलं आणि दारातली पट्टी ओढून काढली.

बॉनेटखाली वाकलेल्या मधवाल्याला आधी तो आवाज ऐकू आला. असा आवाज तो झोपेतही ओळखला असता. तो पळत मागं आला. पेटीच्या दारातून माश्यांचा लोंढा बाहेर पडत होता आणि हौद्यात टिटवी हातात पट्टी घेऊन ताठ उभी होती. ओरडायचं नाही, हात झाडायचे नाहीत, हे तिला चालता येण्याआधीपासून शिकवलेलं.

"खाली ये. हळू."

ती हळू खाली आली. तिच्या कानाच्या पाळीवर एक माशी डसली होती. त्यानं नखानं काटा खरवडून काढला. कान लाल होऊन फुगला, पण ती रडली नाही. तिची आई पाटाकडून पळत आली, तिनं आधी पेटी पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि तिचा हात उठला.

"मारू नको," तो म्हणाला.

"का नको? आपल्या हातानं सत्यानाश केला पोरीनं!"

"आपण सगळे उतरलो," टिटवी म्हणाली. आता तिचा ओठ हलायला लागला. "दर वेळी आपण सगळे उतरतो. गठुळंपण उतरतं. त्याच तेवढ्या उतरल्या नाहीत. आतून किती ओरडत होत्या."

आईचा उठलेला हात खाली आला. मधवाला टेम्पोच्या चाकाशी मातीतच बसला. पोरीनं केलं ते चुकीचं होतं यात शंका नव्हती. पण पहाटेपासून जे त्याला ऐकू येत होतं आणि ज्याच्यावर तो नुसतं पाणी शिंपडत होता, ते तिनं ऐकलं होतं. त्याला पोरीचा राग आला नाही. तिची फार माया वाटली.

आता एकच उपाय होता. बाहेर पडलेल्या माश्या पेटी जिथं आहे तीच जागा ध्यानात धरतात आणि अंधार पडता पडता तिथंच परत येतात. पेटी हलवली तर त्या रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहतात आणि मरतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत टेम्पो हातभरही हलवायचा नाही. आणि तिकडं आबांच्या अंगणात सगळी माणसं जेवायची थांबलेली.

त्यानं दादाला फोन लावला आणि कुठं, कसं अडकलो ते सांगितलं.

दादाचा आवाज इतका मोठा होता की फोनची गरज नव्हती. "संध्याकाळपर्यंत? ताईला चारला निघायचंय! सगळं घर तुझ्यासाठी ताटकळलंय आणि तू माश्यांची वाट बघत बसणार?"

"पेटी आबांसाठी आणलीय, दादा."

"आबांना पेटी नको, तू हवायस! सोडून दे ते खोकं तिथंच आणि ये पोरांना घेऊन. मी सांगतो तेवढं ऐक." उंटावरून शेळ्या हाकायची दादाला लहानपणापासून सवय. मधवाला ऐकत राहिला. बायको आणि पोरगी दोघींना सगळं ऐकू येत होतं, म्हणून त्यानं जरा पाठ फिरवली.

मग फोनवर काहीतरी खडखडलं. दादा म्हणत होता, "आबा? आबा, काय हवंय? घ्या, घ्या."

आणि आबांचा आवाज आला. बरेच दिवस न वापरल्यामुळं घशातच अडकलेला.

"दार कुठल्या अंगाला आहे?"

मधवाल्यानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "मावळतीकडं, आबा."

"ऊन येईल मग दारावर. पोतं आडवं बांध. भांड्यात पाणी ठेव, त्यात काटक्या टाक, नाही तर बुडतील. गाडी हलवू नको."

"नाही हलवत."

"कुणी उघडलं?"

"टिटवीनं."

"पोरीला बोलू नका," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

आबांनी सांगितल्याप्रमाणं त्यानं पोतं बांधलं, डब्याच्या झाकणात पाणी ठेवलं, त्यात काटक्या टाकल्या. काटक्या टिटवीनं गोळा करून आणल्या, गरजेपेक्षा पन्नासपट.

ते संपतंय न संपतंय तोच वाटेनं आतून एक बाई आली. हातात विळा, डोक्याला फडकं, चाल तरातरा. "गाडी कुणी लावली ही? वाट काय तुमच्या बापाची आहे? माझा ट्रॅक्टर आत अडकलाय!"

मधवाल्यानं हात जोडले. "बाई, संध्याकाळपर्यंत गाडी हलवता येत नाही."

"का? चाकं रुतलीत का मुळं फुटलीत?"

तो सांगायला लागला. ती अर्धं ऐकेपर्यंतच म्हणाली, "हे बघा, रोज कुणीतरी येतं, सावली बघून पसरतं, घाण करून जातं. काढा गाडी. नाही तर मीच ट्रॅक्टरनं ढकलते." बायकोनं ओली साडी सावरली आणि मान खाली घातली. ओकारीचा वास येतोय हे तिला कळत होतं, आणि परक्या बाईसमोर तेच तिला जास्त लागलं.

"आमच्या माश्या बाहेर गेल्यात," टिटवी मध्येच बोलली. "माझ्यामुळं. त्या घरी आल्या की आम्ही जाऊ."

बाई थांबली. "कसल्या माश्या?"

"मधाच्या. त्या बघा ना, तुमच्याच शेतात गेल्यात."

बाईनं वळून पाहिलं. वाटेच्या एका अंगाला तिचं बियाण्याच्या कांद्याचं शेत होतं. कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोंडे फुलले होते, बांधापासून बांधापर्यंत. ती बांधावर गेली आणि वाकून बघत राहिली. मधवालाही मागं गेला. पुढच्या ओळींतल्या गोंड्यांवर माश्या बसल्या होत्या. एका गोंड्यावर तीन, पलीकडच्यावर दोन. खाली डोकं घालून आपापल्या कामाला लागलेल्या.

"या तुमच्या?" बाईचा आवाज एकदम उतरला होता.

"आमच्या."

"मी आणि माझी सासू रोज सकाळी या गोंड्यांवरनं हात फिरवतो. एकावरनं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरनं तिसऱ्यावर. माश्याच राहिल्या नाहीत इकडं, बी धरणार कसं? सासूची पाठ मोडली, माझे तळवे बघा." तिनं तळवे पुढं केले. ते पिवळसर, चिकट, भेगाळलेले होते. मग ती टिटवीकडं वळली. "तू सोडल्यास होय गं?"

टिटवीनं मान हलवली. तिला अजून मार बसेल असं वाटत होतं.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," बाई म्हणाली. "ट्रॅक्टर मरू दे. चला घरात. पोरं भुकेली असतील. आणि बाई, ती साडी काढून टाका बघू, माझं एक लुगडं नेसा."

शेताच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सासूनं गठुळ्याला मांडीवर घेतलं आणि गठुळं ठेवलं तिथं बसून राहिलं. मधवाल्याच्या बायकोनं अंग धुतलं, परक्याचं कोरडं लुगडं नेसलं आणि चुलीपुढं बसून आपणहून भाजी चिरायला घेतली. दिवसभरात तिला पहिल्यांदा बरं वाटलं. मधवाला काही घरात आला नाही. तो पेटीजवळ बसून राहिला. माश्या जात होत्या, येत होत्या, आणि परत येताना त्यांच्या पायांना परागाचे मळकट पिवळे गोळे चिकटलेले असायचे. भरलेल्या माश्या दारावर धपकन उतरायच्या. हे बघून एरवी त्याला आनंद झाला असता. आज बायकोचा तो साखरेच्या पाण्याचा प्रश्न त्याच्या समोर येऊन बसला. इथून उचलून आपण या माश्या उपाशी ठेवायला नेतोय, हे त्याला दिसत होतं. पण ही पेटी नेली नाही तर बापाला द्यायला आपल्याकडं काय आहे, तेही त्याला सुचेना.

ऊन कलल्यावर रस्त्यावर एक जीप थांबली. आधी दादा उतरला, कपाळाला आठ्या घालून. मग वहिनी, मग ताई, मग पोरं, मग जेवणाची पातेली. सगळं घरच उचलून आणलं होतं.

"ताई, तू चारला जाणार होतीस ना?" मधवाल्यानं विचारलं.

"गेली गाडी माझी," ताई म्हणाली आणि डोळे पुसत हसली. "फोन ठेवला आणि आबा चपला घालून जीपमध्ये जाऊन बसले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. आम्ही मागनं पातेली घेऊन पळालो."

शेवटी आबा उतरले. किती वाळले होते! सदऱ्यात नुसते खांदे राहिले होते. मधवाला पाया पडायला वाकला, तर आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण डोळे पेटीकडं होते. ते चालत पेटीपर्यंत गेले आणि दाराच्या बाजूला, माश्यांची ये-जा अडणार नाही असे उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मागं बाकीचे सगळे उभे राहिले.

टिटवी हळूच जाऊन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. तिचा एक कान दुप्पट झाला होता.

"डसली?" आबांनी विचारलं.

"एकच."

"दुखतं?"

"थोडं. आबा, मी चुकले ना?"

"चुकलीस," आबा म्हणाले. "पण अजून थोडा वेळ बंद राहिल्या असत्या, तर उकाड्यानं आत मेल्या असत्या. माझ्या भुकेनं मेल्या, तशाच तळाशी पडल्या असत्या."

एवढं बोलून त्यांना हुंदका आला. आई गेली तेव्हाही पोरांनी आबांना रडताना पाहिलं नव्हतं. दादा पुढं व्हायला लागला, तर ताईनं त्याचा हात धरून ठेवला. टिटवीनं मात्र कुणाला विचारलं नाही. तिनं आबांच्या गळ्यात हात टाकले आणि ती त्यांच्याबरोबर रडली, दुपारपासूनचं सगळं राहिलेलं.

मग तिथंच झाडाखाली पातेली उघडली. बाईनं घरातून भांडी आणली, सासू गठुळ्याला घेऊन आली. सगळी माणसं रस्त्याच्या कडेला पंगत धरून बसली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघायला लागल्या. आबांनी दोनदा वाढून घेतलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

जेवताना बाईनं विषय काढला. "आबा, फुलोरा अजून महिनाभर आहे माझा. पलीकडं दिराचंही बियाणंच आहे. ही पेटी तेवढे दिवस राहिली असती तर फार उपकार झाले असते."

मधवाला घास तसाच धरून बापाकडं बघत राहिला. आबा हात धुवून उठले.

दिवस मावळला. माश्या परतायला लागल्या, आधी झुंडीनं, मग तुरळक. मग एखादीच उशिरा, अंधारलेल्या गोंड्यांवरनं थकून येणारी. शेवटी दारावर काही हलेना. टिटवीनं दुपारपासून खिशात जपलेली पट्टी काढली आणि आबांच्या हातात दिली.

"आता लाव म्हणजे निघू," दादा म्हणाला. "अंधार झाला."

आबांनी पट्टी दाराजवळ नेली. क्षणभर तशीच धरली. मग मागं घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"राहू दे उघडं," ते म्हणाले. "सकाळी कामाला जायचंय त्यांना."

"आबा, पण एकटी पेटी इथं रानात..." दादा म्हणाला.

"एकटी कशी?" आबा बाईकडं वळले. "पडवीत एका माणसाची जागा होईल ना?"

बाई हो म्हणेपर्यंत सासूनं हो म्हटलंसुद्धा. मग आबांनी मधवाल्याला हाक मारली, आणि ती हाक पूर्वीसारखी होती, जरा कावलेली, हुकमी.

"बघत काय उभा राहिलास? पेटीला हात लाव. हळू इथंच झाडाखाली उतरव. आणि जमेल तेव्हा तुझ्या अजून चार घेऊन ये, फुलोरा दांडगा आहे."